अतिहिमवर्षाव आणि लोकव्यवहार

भूगोलाच्या अभ्यासकास हिमवर्षाव सेंटिमीटरांत मोजता येतो. परंतु किती सेंटिमीटर पडला म्हणजे तो अतिहिमवर्षाव ठरतो, हे मोजपट्टीवरून सांगता येत नाही. २८ जानेवारी २०१४ रोजी अमेरिकेच्या दक्षिण भागातील अटलांटा नगरात अवघा साडेसहा सेंटिमीटरांच्या आसपास बर्फ पडला आणि तेवढ्याने नगराचा व्यवहार ठप्प झाला. शाळा, कचेऱ्या व व्यापारी पेढ्या यांनी दुपारी जवळजवळ एकाच वेळी लोकांना घरी सोडले. सारी वाहने एकदम रस्त्यावर आली, त्या गर्दीत मीठ व वाळू पसरणाऱ्या गाड्या अडकल्या, आणि चाकांखाली दबलेला बर्फ गोठून निसरडा झाला. हजारो विद्यार्थ्यांनी ती रात्र शाळेतच काढली, कित्येकांनी मोटारीत. याला घबराट म्हणणे अन्यायाचे होईल. प्रत्येकाने आपापल्यापुरता शहाणपणाचाच निर्णय घेतला होता. उणीव होती ती अशा निर्णयांची परस्परांशी सांगड घालणाऱ्या सवयीची, आणि ही सवय वारंवार बर्फ पडणाऱ्या प्रदेशातच जडते.

मात्र सवय ही सदैव तारकच असते असे नव्हे. ईरी सरोवराच्या काठी वसलेल्या बफलो नगरात वर्षाकाठी सरासरी दोन मीटरांहून अधिक बर्फ पडतो. डिसेंबर २०२२ मधील हिमवादळाची पूर्वसूचनाही तेथे वेळीच मिळाली होती. तरीही वाहतूकबंदीचा आदेश निघाला तो २३ डिसेंबरच्या सकाळी, अनेक लोक कामावर गेल्यानंतर. त्या वादळात नगर व परिसर मिळून चाळीसांहून अधिक माणसे दगावली. कोणी मोटारीत, कोणी रस्त्यावर, कोणी घरातच मदतीची वाट पाहत. असले हिवाळे पुष्कळ पाहिले, ही भावना येथे काही अंशी घातकच ठरली असावी.

सवय आणि संकेत यांत भेद केला पाहिजे, तो यासाठी. काश्मीरमध्ये २१ डिसेंबरपासूनच्या चाळीस दिवसांस 'चिल्लई कलान' असे स्वतंत्र नाव आहे. फेरन, कांगडी, उन्हाळ्यात वाळवून ठेवलेल्या भाज्या ही सारी त्याचीच तयारी होय. तेथे बर्फ न पडणे हीच चिंतेची गोष्ट ठरते, कारण वसंतातील झऱ्यांचे व फळबागांचे पाणी त्यावर अवलंबून असते. जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्गचे उतार बराच काळ उघडे राहिले, तेव्हा ही काळजी सर्वत्र व्यक्त झाली.

परंतु हिमवर्षावाभोवती सबंध समाजजीवन कसे रचले जाते, हे पाहावयाचे तर जपानच्या पश्चिम किनाऱ्यावरील निगाता, म्हणजे पूर्वीचा एचिगो प्रांत, याकडेच वळावे लागते. सैबेरियाकडून येणारे कोरडे, थंड वारे जपान समुद्रातील उबदार प्रवाहावरून वाहताना बाष्प शोषून घेतात आणि पर्वतांवर आदळून ते बर्फाच्या रूपाने टाकतात. २६ फेब्रुवारी १९४५ रोजी ताकादा नगरात बर्फाची खोली ३७७ सेंटिमीटर भरली होती. याच प्रांतातील कापडव्यापारी सुझुकी बोकुशी यांनी आपल्या 'होकुएत्सु सेप्पु' या ग्रंथात (पहिला भाग १८३७) बर्फाकडे शोभा म्हणून पाहणारे उबदार प्रदेशातील लोक आणि त्याखाली गाडले जाणारे एचिगोकर यांतील अंतर स्पष्टपणे मांडले. हा ग्रंथ छापून निघावा म्हणून त्यांस कित्येक दशके खटपट करावी लागली, हेही त्या अंतराचेच एक प्रमाण मानता येईल!

ताकादा येथे घरमालक आपल्या छपराचा पुढील भाग रस्त्याच्या बाजूने वाढवीत. अशी छपरे एकमेकांस जोडून 'गांगी' नावाची आच्छादित वाट तयार होई. जागा खाजगी, वापर सार्वजनिक. बर्फाने रस्ता बुजला तरी पादचाऱ्याची वाट मोकळी राहत असे. याच प्रांतात विणलेले तागवर्गीय तलम कापड हिवाळ्याच्या अखेरीस उन्हात बर्फावर पसरून शुभ्र केले जाते. आपत्तीच येथे धंद्याचे साधन झाली.

पुढे १९६०च्या दशकात नागाओका नगरात रस्त्यांत नळ बसवून भूजलाचे फवारे बर्फावर सोडण्याची पद्धत रूढ झाली. भूजल हिवाळ्यातही तुलनेने उबदार असते, त्यामुळे बर्फ वितळून वाहतूक चालू राहते. पण उपशाने भूजलाची पातळी खालावली आणि प्रांतातील काही भागांत जमीन खचली.

छपरांचा प्रश्न मात्र फवाऱ्यांनी सुटला नाही. बर्फाच्या भाराने घर मोडू नये म्हणून एकाच हिवाळ्यात अनेकदा वर चढून तो फावड्याने खाली लोटावा लागतो. हे काम तरुणांचे आणि शेजाऱ्यांच्या सोबतीने करावयाचे. तरुण शहरांकडे गेले, छपरे राहिली. २००५-०६च्या हिवाळ्यात जपानमध्ये बर्फामुळे १५२ मृत्यू नोंदले गेले. त्यांपैकी बहुसंख्य बर्फ काढण्याच्या कामात झाले, आणि मृतांपैकी सुमारे दोनतृतीयांश व्यक्ती ६५ वर्षांच्या किंवा त्याहून वयस्क होत्या. त्या हिवाळ्यातील बर्फ या प्रदेशास अपरिचित नव्हता. १९४५ साली तर ताकादाने त्याहून खोल बर्फ पाहिला होता. आता कमरेला दोर बांधून, जोडीनेच वर चढावे अशी सूचना दर हिवाळ्यात दिली जाते, आणि जेथे जोडीदार उरलेला नाही तेथे फावडी घेऊन बाहेरगावचे स्वयंसेवक येतात.