शून्य कुठं धरायचं?

दसऱ्याला गावी, मैंदर्गीला जाताना मी पर्समध्ये अर्धं संपलेलं एक रीळ टाकलं होतं. ८ मिलिमीटर रुंदीची कागदी पट्टी, तिच्यात ओळीनं खळगे, प्रत्येक खळग्यात एक कपॅसिटर. लांबी १ मिलिमीटर, रुंदी त्याच्या निम्मी. अव्वानं चष्मा लावून एक तळहातावर घेतला. "खसखस हाय की गं ही," म्हणाली, आणि पंख्याच्या वाऱ्यानं तो उडाला. पूर्ण रिळात असे १०,००० असतात, म्हणून आम्ही शोधत बसलो नाही.

ही खसखस सर्किट बोर्डवर मांडणारं यंत्र मी चालवते. म्हणजे चालवत नाही, त्याला कुठं काय ठेवायचं ते लिहून देते. पूर्वी भागांना तारेचे पाय असायचे, ते बोर्डच्या भोकातून घालून खालून झाळायचे. आता भाग पृष्ठभागावरच बसतात. आधी पोलादी जाळीतून बोर्डवर झाळकामाची पेस्ट छापतात, मग यंत्र नॉझलनं हवा ओढून भाग उचलतं आणि पेस्टवर टेकवतं, शेवटी बोर्ड भट्टीतून जातो. शिसं नसलेली पेस्ट २१७ अंशांना वितळते, भट्टी २४५ च्या आसपास नेतात. साधारण यंत्रसुद्धा तासाला तीस-चाळीस हजार भाग मांडतं.

अप्पा सगळं ऐकून एवढंच म्हणाले, "पण मोजतंय कुठनं?"

प्रश्न त्यांच्या अनुभवातला होता. आमच्या रानाची मोजणी झाली तेव्हा मोजणीवाल्यांनी नकाशा उघडण्याआधी हद्दीचे दगड शोधले होते. एक बांधाच्या कोपऱ्यात सापडला, दुसरा बाभळीच्या मुळाखाली. दगड सापडेपर्यंत नकाशा नुसता कागद. बोर्डावरही असे दगड असतात: कोपऱ्यांजवळ तांब्याचे १ मिलिमीटरचे गोल ठिपके, दोन किंवा तीन. आम्ही त्यांना फिड्युशियल म्हणतो. कॅमेरा आधी ते शोधतो. बोर्ड किती सरकलाय, किती तिरका बसलाय, किंचित ताणलाय का, हे त्यावरून काढतो आणि मग सगळे आकडे तेवढ्यानं दुरुस्त करतो. अप्पांना हे लगेच पटलं. आमच्या नव्या इंजिनिअर पोरांना मात्र दोनदा सांगावं लागतं.

डिझाईन करणाऱ्याकडून येते ती एक यादी. एका ओळीत एक भाग: नाव, आडवं अंतर, उभं अंतर, कोन, वरची बाजू की खालची. आर-१७, ४२.३०, १८.७५, ९०. यंत्राला याच्यापलीकडचं काहीच कळत नाही. भाग किती लांब, किती जाड, कोणत्या नॉझलनं उचलायचा, हे मी वेगळं भरते. जाडी चुकली तर फजिती. अर्धा मिलिमीटरचा कपॅसिटर ०.८ चा आहे असं लिहिलं, की नॉझल वरच थांबून त्याला हवेतून सोडतं. कमी लिहिली तर दाबून चिरडतं. म्हणून पहिल्यांदा पेस्ट न लावता, बोर्डवर दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप लावून मांडणी करून बघायची. चुकलं तरी बोर्ड वाया जात नाही.

मग रिळांच्या जागा. सॉफ्टवेअर त्या आपोआप ठरवतं, पण मी त्याच्यावर सोडत नाही. एकदा सगळ्यात जास्त लागणारं रीळ बोर्डच्या जवळ आणलं तर दर बोर्डमागे ४ सेकंद वाचले. ३,००० बोर्डांची ऑर्डर होती; तीन तास वीस मिनिटं.

अवघड आहे तो कोन. अंतराचं शून्य ठिपके सांगतात, कोनाचं शून्य कोण सांगणार? डिझाईनवाल्यानं भाग ज्या दिशेला काढला ते त्याचं शून्य. रिळात भाग ज्या दिशेला झोपलाय ते रीळवाल्याचं. यंत्राचं तिसरंच. या तिघांचा मेळ घालणं हाच माझा खरा पगार. रेझिस्टर उलटा बसला तरी चालतो. एलईडीला दिशा असते.

चारेक वर्षांपूर्वी, मी तेव्हा जिथं होते त्या कारखान्यात, सकाळी पहिला बोर्ड तपासून सही केली. दुपारी एलईडीचं रीळ संपलं. स्टोअरमधून दुसऱ्या कंपनीचं आलं, तेच माप, तोच रंग, तशीच कोपऱ्यात हिरवी खूण. ऑपरेटरनं जोडलं, लाईन सुरू. भट्टीनंतर कॅमेऱ्याची तपासणी असते, तिनंही सगळे पास केले, कारण खूण हवी तिथंच होती. संध्याकाळी चाचणीच्या टेबलावर एकही बोर्ड पेटेना. पहिल्या कंपनीची हिरवी खूण ऋण टोकाला, दुसरीची धन टोकाला! दोघांच्या डेटाशीटवर ते छापलेलं होतं. वाचलं कुणीच नव्हतं, मीही नाही. ६० बोर्ड, प्रत्येकावर १२ एलईडी. गरम हवेच्या बंदुकीनं आम्ही तिघींनी ७२० एलईडी काढून फिरवून लावले, रात्री दीडपर्यंत. यंत्रानं चूक केली असं वरिष्ठांना सांगायचा मोह झाला होता. यंत्रानं मी लिहिलं तेच केलं होतं.

२०२२ च्या ऑक्टोबरात केंद्रानं पुण्याजवळच्या रांजणगावला इलेक्ट्रॉनिक्स क्लस्टर मंजूर केलं. तेव्हापासून आमच्या अक्कलकोट तालुक्यातली डिप्लोमा झालेली पोरं-पोरी मला फोन करून विचारतात, ताई, कोणता कोर्स करू? मी सांगते, कोर्स नंतर बघ, आधी कुठल्याही एलईडीची डेटाशीट घे आणि तिच्यातलं रिळाचं चित्र मला समजावून सांग. बहुतेकांचा परत फोन येत नाही. ज्यांचा आला, त्यातली एक आज माझ्या शेजारच्या लाईनवर आहे.

आमच्याकडे आता रीळ बदललं की त्यातला पहिला एलईडी मल्टिमीटर लावून पेटवून बघतात, खुणेचं टोक वहीत लिहितात, आणि मगच हिरवं बटण दाबतात.