बलूनची हवाच न्यारी!

हॉट एअर बलूनमध्ये कोणता गॅस भरतात, माहीत आहे का? हायड्रोजन? अंहं! हीलियम? तोही नाही! आत असते आपली साधी, फुकटातली हवा. फक्त चांगली तापवलेली. गॅस असतो टोपलीतल्या सिलिंडरमध्ये, बर्नर पेटवायला. त्याचं नाव प्रोपेन. तुमच्या किचनमधल्या एलपीजीतही तो असतोच!

पाव किलोची कमाल
एक घनमीटर हवेचं वजन साधारण १.२ किलो. १०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवलेली हवा तेवढीच, एक घनमीटर घ्या, भरेल एक किलोलाही कमी. फरक जेमतेम पाव किलोचा! पण बलून २,८०० घनमीटरचा असेल, तर हाच पाव-पाव किलो साठून ७०० किलो उचलतो. कापड, टोपली, सिलिंडर, पायलट आणि तीन-चार पाहुणे, सगळे त्यातच. तेलातली पुरी फुगून वर येते ना? तोच हिशोब!

पहिले प्रवासी कोण?
एक मेंढी, एक बदक आणि एक कोंबडा! १९ सप्टेंबर १७८३, फ्रान्समधलं व्हर्साय, समोर साक्षात राजा सोळावा लुई. आठेक मिनिटांची राइड झाली आणि तिघेही जिवंत उतरले. दोनच महिन्यांनी, २१ नोव्हेंबरला, पिलात्र द रोझिए आणि मार्की दार्लांद ही माणसं पॅरिसवरून उडाली. मेंढीमागून माणसं, म्हणजे खरंखुरं मेंढरांचं अनुकरण!

धूर घाण, उड्डाण छान?
हे बलून बनवणारे मॉन्गोल्फिए बंधू कागदाचे कारखानदार. त्यांना वाटायचं, जादू धुरात आहे! म्हणून ते ओला पेंढा आणि लोकर जाळून दाट धूर करायचे. धुराचा उपयोग शून्य, काम केलं ते उष्णतेने. थिअरी फेल, प्रॅक्टिकल पास!

फुग्याचा एन्काउंटर
त्याच वर्षी ऑगस्टमध्ये जाक शार्ल यांनी पॅरिसहून हायड्रोजनचा बिनमाणशी फुगा सोडला. गॅस कसा बनवला, माहीत आहे का? लोखंडाच्या तुकड्यांवर गंधकाम्ल ओतून! फुगा उतरला गोनेस गावात. गावकऱ्यांना वाटलं, आला राक्षस! दाताळी घेऊन धावले आणि फाडून मोकळे झाले.

उचलण्यात अव्वल, भडकण्यातही
एक घनमीटर हायड्रोजन साधारण १.१ किलो उचलतो, म्हणजे गरम हवेच्या चौपटीहून जास्त. पण स्वभाव भडक! रोझिए यांनी १७८५ मध्ये इंग्लिश खाडी ओलांडायला हायड्रोजन आणि गरम हवा एकत्र आणली. बलून कोसळला, रोझिए आणि त्यांचा सोबती, दोघांचाही जीव गेला.
आयडिया मात्र टिकली. हायड्रोजनच्या जागी न पेटणारा हीलियम आला आणि १९९९ मध्ये बर्ट्रांड पिकार आणि ब्रायन जोन्स यांनी ‘ब्रायटलिंग ऑर्बिटर ३’मधून न थांबता अख्खी पृथ्वी पालथी घातली. अशा जोड-बलूनला आजही ‘रोझिए’च म्हणतात.

साहेबाचे ओटे
हीलियम आधी सूर्यावर सापडला, पृथ्वीवर नंतर! १८ ऑगस्ट १८६८ चं खग्रास ग्रहण, जागा आंध्रातलं गुंटूर, निरीक्षक पिएर जान्सेन. सूर्याच्या वर्णपटात त्यांना हीलियमची पिवळी रेघ दिसली. आपल्या विजयदुर्गावर ‘साहेबाचे ओटे’ दाखवून शोधाचं श्रेय नॉर्मन लॉकयर साहेबांना देतात. पण साहेबांनी ती रेघ टिपली इंग्लंडमधून, ऑक्टोबरमध्ये!

मुंबई टू स्ट्रॅटोस्फिअर
कापडाच्या धंद्यातला माणूस कापडाच्याच फुग्यातून किती उंच जाईल? २१,०२७ मीटर! विजयपत सिंघानिया यांनी २६ नोव्हेंबर २००५ रोजी मुंबईहून उड्डाण करून हा जागतिक विक्रम केला, वयाच्या ६७ व्या वर्षी. एव्हरेस्टच्या दुपटीहून उंच! उतरले कुठे? नाशिक जिल्ह्यातल्या पंचाळे गावी.

स्टिअरिंग? सॉरी!
बलूनला ना स्टिअरिंग, ना ब्रेक. वर जायला बर्नर, खाली यायला माथ्यावरच्या झडपेची दोरी. वळायचं कसं? वेगवेगळ्या उंचीवर वारा वेगवेगळ्या दिशेने वाहतो. पायलट वरखाली करत सोयीचा वारा गाठतो. बर्नर पेटवला तरी बलून लगेच ऐकत नाही, काही सेकंद भाव खातो! आणि वाऱ्याच्याच वेगाने चालल्यामुळे टोपलीत वारा जवळजवळ लागतच नाही.

वेताचा महिमा
टोपली आजही बहुतेक वेताचीच. कारण उतरताना दणका बसला, तर वेत वाकतो आणि धक्का पचवतो. शाळेतल्या मास्तरांनी वेत कधीच सोडला, बलूनवाल्यांनी नाही!

बोनस बॉम्ब
‘अराउंड द वर्ल्ड इन एटी डेज’ म्हटलं की बलून आठवतो ना? ज्यूल व्हर्नच्या कादंबरीत नायक बलूनमध्ये बसतच नाही! तो घुसवला १९५६ च्या सिनेमाने.

तुम्हालाही उडायचंय? मग अलार्म पहाटेचा लावा. ऊन चढलं की जमिनीवरून गरम हवेचे झोत उसळतात आणि बलून हेलकावे खातो. टोपीही घाला, कारण बर्नर पेटतो तो बरोब्बर तुमच्या डोक्यावर!