फोडलेला लखोटा

लातूरकडील एका खेड्यातून स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासासाठी पुण्यास आलेला, पेठेतील एका खोलीत आणखी तिघांसमवेत राहणारा आणि दिवसाचे बारा तास अभ्यासिकेत काढणारा माझ्या परिचयाचा एक तरुण गेल्या पावसाळ्यात एके संध्याकाळी आपला मोबाइल माझ्यापुढे धरून म्हणाला, "काका, एवढं बघा ना जरा. हे सारखं नको नको म्हणतंय." टिंडर या जोडीदार शोधण्याच्या अ‍ॅपवर ज्यांनी आपणांस पसंत केले त्यांचे चेहरे सोनेरी चौकटीत, पण पाण्याखालच्या खड्यांसारखे पुसट करून दाखवतात, आणि ते स्पष्ट पाहावयाचे तर 'गोल्ड' नावाची वर्गणी भरावी लागते, हे मला त्याच्याकडूनच समजले. खोलीचे भाडे, मेस आणि अभ्यासिकेची फी भागवून महिनाअखेर ज्याच्या हाती काही उरत नाही, त्याने ती वर्गणी कोठून भरावी? तेव्हा एका मित्राने टेलिग्रामवरून धाडलेले 'मॉड', म्हणजे कुणा अज्ञाताने मूळ अ‍ॅपमध्ये फेरफार करून सगळ्या सशुल्क सोयी फुकट खुल्या केल्याचा दावा करणारी प्रत, त्याने उतरवून घेतली होती.

या धडपडीस निव्वळ लोभ म्हणणे मला अन्यायाचे वाटते. परक्या शहरात, जिथे शेजारच्या बाकावरचा मुलगा सहा महिने उलटले तरी नाव विचारीत नाही, तिथे आपण कोणाला तरी आवडलो आहोत ही वार्ता धूसर काचेआड ठेवून तिला किंमत लावली, तर ती काच फोडण्याचा मोह कोणाही माणसास होईल. मॉडखेरीज काही जण जुन्या आवृत्त्याही शोधतात. त्यांची ओढ याहून साधी आहे. फोन जुना, त्यात जागा अपुरी, नवी आवृत्ती त्यावर चालत नाही, किंवा जी सोय काल विनामूल्य होती तिला आज दाम मोजावा लागतो. मग जुने ते सोने म्हणून कोठल्याशा संकेतस्थळावरून गतसालची प्रत हुडकून काढली जाते.

आता तो मोबाइल 'नको' का म्हणत होता, ते पाहू. अँड्रॉइडवरील अ‍ॅप ज्या एपीके फाइलीतून बसते, तिच्यावर ते अ‍ॅप तयार करणाराची अंकीय स्वाक्षरी असते, आणि ती स्वाक्षरी करणारी गुप्त किल्ली त्याच्या, किंवा त्याच्या वतीने गूगलच्या, ताब्यात असते. सरकारी लखोट्यावरील लाखेच्या मोहरेचे जे काम, तेच हिचे. आतील एक अक्षर बदलले तरी ती जुळेनाशी होते. फेरफार करणारापाशी मूळ किल्ली नसते, म्हणून तो लखोटा फोडून, आत हवे ते घालून, वर स्वतःची मोहर उठवतो. मित्राने पाठवलेल्या सूचनांत 'आधी मूळ अ‍ॅप काढून टाका' हे कलम पहिले का होते, याचा उलगडा येथे होतो: त्याच नावाचे परंतु निराळ्या मोहरेचे अ‍ॅप फोन मूळ अ‍ॅपवर चढू देत नाही. दुसरे कलम, 'प्ले प्रोटेक्ट' ही घातक प्रोग्राम हुडकणारी गूगलची तपासणी बंद करा, म्हणजे तर दारावरच्या पहारेकऱ्यास रजा देणेच होय.

एवढे करून त्याच्या पदरात पडले काय? चेहरे पुसटच राहिले. कोण वर्गणीदार आणि कोण नव्हे, याची नोंद कंपनीच्या दप्तरी, तिच्या सर्व्हरवर असते. आणि जी माहिती ते दप्तर पाठवीतच नाही, ती फोनमधील प्रतीत कितीही खाडाखोड केली तरी कोठून उमटावी? याउलट त्या प्रतीने एसएमएस वाचण्याची आणि 'अ‍ॅक्सेसिबिलिटी'ची परवानगी मागितली होती, आणि त्याने ती देऊन टाकली होती. ही दुसरी सोय मुळात दृष्टिहीनांना पडदा वाचून दाखवता यावा यासाठी आहे. दुष्टाच्या हाती ती म्हणजे कुलमुखत्यारपत्रच, कारण तिच्या बळावर अ‍ॅप पडद्यावरचे सर्व काही वाचू शकते आणि आपल्या वतीने बटणेही दाबू शकते. बँकेचा ओटीपी ज्या एसएमएसने येतो, तोही मग खाजगी राहत नाही. ही भीती काल्पनिक नव्हे. २०२१ साली व्हॉट्सअ‍ॅपच्या 'एफएमव्हॉट्सअ‍ॅप' या अशाच फेरफार केलेल्या प्रतीत 'ट्रायडा' नावाचा घातक प्रोग्राम कॅस्परस्की या सुरक्षा-संस्थेस आढळला होता.

जुन्या प्रतीत असा कोणी हेतुतः शिरलेला नसेलही. तिची अडचण वेगळी. दोष दुरुस्त झाला की त्याचा तपशील बहुधा जाहीर होतो, आणि जो जुन्याच प्रतीला चिकटून राहतो त्याच्या घराची खिळखिळी कडी कोणती, हे चोरास आयतेच कळते. उदाहरणार्थ, जानेवारी २०१८ मध्ये चेकमार्क्स या इस्रायली संस्थेने दाखवून दिले की टिंडर छायाचित्रे सांकेतिक न करता उघडीच धाडते, त्यामुळे एकाच वाय-फायवर बसलेला परका मनुष्य आपण कोणाचे चेहरे न्याहाळीत आहोत ते पाहू शकतो. पसंती-नापसंतीचे निरोप सांकेतिक होते खरे, पण त्यांचा आकार ठरीव होता: नकार २७८ बाइटचा, पसंती ३७४ ची, आणि दोघांची पसंती जुळली तर ५८१ ची. लखोटा बंद असूनही नुसत्या वजनावरून आतील मजकूर ओळखावा, तसा हा प्रकार. त्याच वर्षी जूनपर्यंत कंपनीने छायाचित्रेही सांकेतिक केली आणि निरोपांचे आकार सारखे केले.

असल्या अ‍ॅपमध्ये माणूस जे ठेवतो, ते बँकेतील शिलकेहून नाजूक असते. समलिंगी तरुणांचेच पाहा. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांचे परस्परसंमतीचे समलिंगी संबंध कलम ३७७ च्या कक्षेतून बाहेर काढले. परंतु तालुक्याच्या गावी राहणाऱ्या ज्या मुलाने घरी अद्याप काहीच सांगितलेले नाही, त्याच्या गप्पा आणि त्याचा ठावठिकाणा परक्याच्या हाती पडला, तर त्यास खंडणीसाठी नाडणाराला न्यायालयाची नव्हे, केवळ त्याच्या वडिलांच्या फोन नंबरची गरज असते. म्हणून अशा तरुणांना 'मुळात तिकडे गेलासच कशाला' असे विचारणाऱ्या वडीलधाऱ्यांचा मला राग येतो. या प्रश्नाच्या भीतीनेच मुले फसवणूक झाल्यावर फिर्याद देत नाहीत. पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी मदतक्रमांकावर ताबडतोब कळवावे. तासागणिक रक्कम हातोहात पुढे सरकत जाते आणि गोठवणे कठीण होते.

त्या संध्याकाळी आम्ही प्रथम दोन्ही परवानग्या काढून घेतल्या, मग ती प्रत काढली, प्ले प्रोटेक्ट पुन्हा सुरू करून सबंध फोन तपासून घेतला, आणि पासवर्ड मात्र माझ्या संगणकावरून बदलले. बँकेचे खातेपुस्तक त्याने ओळ न् ओळ वाचले. काही गेले नव्हते. मग त्याने मूळ अ‍ॅप पुन्हा उतरवले, आणि त्या पुसट चेहऱ्यांकडे तो थोडा वेळ पाहत बसला. मी चहा टाकायला आत गेलो.