तंबूतल्या टापा

सिनेमा म्हणजे काय ते मला यात्रेतल्या तंबूत, आजीच्या मांडीवर कळलं. मध्ये कनात, अलीकडे बाया, पलीकडे गडी. भालजी पेंढारकरांचा ‘मराठा तितुका मेळवावा’ लागला होता. पडद्यावर घोडी उधळली की पुढं बसलेली पोरं तळहातांनी जमीन बडवून टापा वाजवायची. आजीला महाराजांच्या साऱ्या गोष्टी पाठ. तरी महाराज दिसले की तिचा हात कपाळाला जायचा.

गोष्ट पाठ असणं, हेच या तलवारीच्या सिनेमांचं बळ. खान भेटीला येणार, वाघनखं निघणार, हे सगळ्या तंबूला ठाऊक असतं. तरी श्वास रोखलेला. अज्ञानदासाचा अफजलखानवधाचा पोवाडा ऐकणाऱ्यांचंही तसंच होत असणार. पुढं काय होणार हे कळावं म्हणून कुणी येत नाही. आपला माणूस त्या घटकेला कसा उभा राहतो, ते डोळे भरून पाहायचं असतं.

इंग्रजांच्या राज्यात तेही सोपं नव्हतं. कोल्हापुरात प्रभातनं १९३० साली शिवरायांवर मूकपट काढला. महाराजांच्या भूमिकेत स्वतः व्ही. शांताराम. आधीच्या नावात ‘स्वराज्य’ हा शब्द होता, तो सेन्सॉरला खपला नाही. शेवटी चित्रपट ‘उदयकाल’ या नावानं लागला. एका शब्दाला सरकार भ्यालं!

भालजींच्या चित्रपटांची नावंच पाहा: ‘नेताजी पालकर’, ‘थोरातांची कमळा’, ‘बहिर्जी नाईक’, ‘मोहित्यांची मंजुळा’. सरदार, हेर, घराघरांतल्या लेकी. राजा मोठाच, पण गोष्ट त्याच्या माणसांची. म्हणून पालकर, थोरात, मोहिते ही आमच्या ओळखीची आडनावं पडद्यावर आली की तंबूत कुजबुज उठायची. गांधीहत्येनंतरच्या जाळपोळीत, १९४८ साली, भालजींचा जयप्रभा स्टुडिओ जळाला. १९५२ साली त्याच माणसानं ‘छत्रपती शिवाजी’ आणला. महाराजांच्या भूमिकेत चंद्रकांत, मिर्झाराजांच्या भूमिकेत पृथ्वीराज कपूर.

दाढ्या चिकटवलेल्या दिसतात, संवाद आजच्या कानाला जड वाटतात, हे मान्य. पण घोडा खरा, धूळ खरी, घामेजलेला स्वारही खरा. तो खरेपणा पोरांना आजही ओळखता येतो. यातलाच एक सिनेमा पाहताना माझ्या नातवानं परवा जागेवर उठून तलवारीसारखी लाकडी पट्टी उपसली.

तुमच्या घरी पोरं असतील तर यातला एक तरी सिनेमा त्यांना दाखवा. मोबाइलवर नको. चार घरं मिळून, मोठ्या पडद्यावर, आणि पोरांना खाली जमिनीवर बसवा; टापा वाजवायला हात मोकळे हवेत.