माशांच्या टाकीतला 'नारू'

आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत माशांच्या टाकीला जागा ती कुठली? पण जयंतीच्या वक्तृत्व स्पर्धेत धाकट्याला बक्षिसाचे पैसे मिळाले आणि त्याने हट्टच धरला. महात्मा फुले मंडईत (लोक अजूनही क्रॉफर्ड मार्केटच म्हणतात, असो) जाऊन आम्ही काचेची एक लहान टाकी, बारीक खडी, एक पाणवनस्पती आणि सात गप्पी मासे आणले. टीव्हीशेजारी टाकी बसली.

दोनेक महिने गेले. पावसाळ्यात एका सकाळी आईने हाक मारली, "अरे, ह्यात नारू झालाय बघ!" पाहतो तर काचेला आतून केसासारखे पांढरट दोरे. काही चिकटलेले, काही पाण्यात वळवळणारे. "आत्ताच्या आत्ता गटारात ओत," आई म्हणाली. धाकटा रडू लागला.

आईची भीती उगाच नव्हती. लहानपणी मराठवाड्यातल्या गावी तिच्या पायातून नारू निघालेला आहे. आडाचे पाणी आमच्या वस्तीला मिळत नसे. बारवेत पायऱ्या उतरून, पाण्यात पाय बुडवूनच घागर भरायची. ज्याच्या पायाला नारूचा फोड, त्याच्या फोडातून किड्याची पिल्ले पाण्यात जात. पाण्यातला सायक्लॉप्स नावाचा ठिपक्याएवढा जीव ती गिळी आणि न गाळलेल्या पाण्यातून तो माणसाच्या पोटात जाई. वर्षभराने हातभर लांब किडा पायातून डोके काढी. मग तो काडीला गुंडाळत रोज थोडा थोडा ओढायचा. तुटला तर पाय सुजून माणूस अंथरुणाला खिळे. ती काडी आईला अजून स्वप्नात दिसते.

पण नारू आता आपल्या देशात राहिलेला नाही. 1983-84 साली सरकारने त्याच्या निर्मूलनाची मोहीम सुरू केली. शेवटचा रोगी 1996 साली राजस्थानात सापडला आणि 2000 साली जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त असल्याचे जाहीर केले. शिवाय नारूचा मोठा किडा माणसाच्या अंगात वाढतो, टाकीत नाही. हे आईला सांगितले, पण डोळ्यांसमोर वळवळ चालू असताना कोण ऐकणार?

मग आम्ही जे केले ते करू नये. त्याच दिवशी टाकी रिकामी केली, खडी उकळत्या पाण्यात धुतली आणि नळाचे ताजे पाणी भरून मासे सोडले. दोन दिवसांत तीन मासे मेले. दोष सर्वस्वी आमचा. नळाच्या पाण्यातले क्लोरीन माशांच्या कल्ल्यांना जाळते. दुसरे म्हणजे माशांच्या विष्ठेतून होणारा विषारी अमोनिया पचवणारे जिवाणू खडीवर राहतात, ते आम्ही उकळून मारले होते. एवढे करून तीन आठवड्यांत दोरे पुन्हा हजर!

तेव्हा कुठे ऑफिसातले भिंग घरी आणले. एक किडा थेंबभर पाण्यासह बशीत घेतला आणि बशीखाली काळा कागद ठेवला. अंगावर बारीक वळ्या, डोके वेगळे दिसत नाही, टोचले की आखडतो. म्हणजे हा गांडुळाचाच पाण्यातला भाऊबंद. उरलेले अन्न आणि कुजका गाळ खाऊन तो खडीत राहतो. माशांना चावत नाही, माणसाला काही करत नाही. खडीतला प्राणवायू कमी झाला की काचेवर चढतो.

सगळेच किडे असे नसतात. डोके बाणाच्या टोकासारखे त्रिकोणी, त्यावर दोन डोळे आणि काचेवरून गोगलगायीसारखा सरकणारा चपटा किडा असेल, तर तो प्लॅनेरिया. त्याला चिरडू नये, कापला तर एकेका तुकड्याचा नवा किडा होतो. वळ्या नसलेला, चाबकासारखे फटके मारणारा दोरा हा सूत्रकृमी. लालभडक, अर्ध्या इंचाची अळी असेल तर ती डासासारख्या दिसणाऱ्या, पण न चावणाऱ्या माशीची. तिचा लाल रंग आपल्या रक्तातही असते त्या हिमोग्लोबिनचा. मासे ती आवडीने खातात. काळजी करायची ती माशाच्या अंगावर काही दिसले तर. गुदद्वारातून लाल दोरे लोंबत असतील किंवा खवल्यांत काडीसारखे काही रुतलेले असेल, तर ते माशाचे रक्त शोषणारे परजीवी असतात. तसा मासा लगेच वेगळा काढून जाणकाराला दाखवावा.

आमच्या टाकीत किडे वाढले, त्याचे कारण भिंगाविनाही दिसले असते. सकाळी धाकटा, दुपारी आई, रात्री आम्ही, असे तिघेही माशांना खायला घालत होतो. आता दिवसातून एकदाच, दोन मिनिटांत संपेल एवढेच. दर रविवारी नळीने खडीतला गाळ ओढून चौथा हिस्सा पाणी काढतो. नळी तोंडाने ओढायची नाही, काम झाल्यावर हात साबणाने धुवायचे. भरायचे पाणी आदल्या दिवशी उघड्या बादलीत ठेवतो. पाण्यात क्लोरामाइन असेल तर ते असे जात नाही, त्यासाठी दुकानातले औषधाचे थेंब लागतात.

महिन्याभरात काचेवरचे दोरे दिसेनासे झाले. गाळात थोडे असतील, असू देत. उरलेल्या चारांतली एक गप्पी परवा व्याली. गप्पी अंडी घालत नाही, जिवंत पिल्ले देते. आईने भिंग लावून अकरा मोजली. धाकट्याच्या मोजणीत नऊच भरतात, आणि त्यावरून दोघांचा वाद अजून मिटलेला नाही.