शेजार जपणारा क्रमांक

१९६२च्या सुमारास ओटावाहून टोरंटोला निघालेल्या विमानात दोन अनोळखी माणसं शेजारी बसली. रॉजर टॉमलिन्सन हे हवाई छायाचित्रांवरून नकाशे करणाऱ्या कंपनीतले भूगोलतज्ज्ञ. ली प्रॅट हे कॅनडातल्या जमिनीची देशव्यापी नोंद आखणारे सरकारी अधिकारी. कुठे शेती होईल, कुठे जंगल राखावं, हे ठरवायला हजारो नकाशे लागणार होते. ते सगळे संगणकात घालावेत, ही टॉमलिन्सन यांची कल्पना प्रॅटना पटली. त्या गप्पांतून जगातली पहिली मोठी भौगोलिक माहिती प्रणाली उभी राहिली. यंत्रं आणि बरीच माणसं आयबीएमची होती.

पण लवकरच एक अडचण समोर आली. नकाशाला लांबी-रुंदी असते. माहिती साठवायची चुंबकीय टेप मात्र एकाच दिशेने धावते. देशाचे चौकोन पाडून ते ओळीने टेपवर उतरवले, तर पूर्व-पश्चिम शेजारी जवळजवळ येतात. उत्तर-दक्षिण शेजाऱ्यांच्या मध्ये मात्र देशाच्या रुंदीएवढी आख्खी ओळ येते. एखाद्या तळ्याभोवतालच्या नोंदी हव्या असतील, तर टेप लांबच लांब फिरवत बसा.

याचं उत्तर आयबीएमच्या ओटावा कार्यालयातल्या जी. एम. मॉर्टन यांनी १९६६च्या एका अहवालात दिलं. त्यांनी टेपला हात लावला नाही, यंत्रही बदललं नाही. बदलला तो फक्त चौकोनांचा क्रम.

समजा, आठ बाय आठ चौकोनांचा नकाशा आहे. त्यातला पाचव्या स्तंभातला, तिसऱ्या ओळीतला चौकोन घेऊ, मोजणी शून्यापासून. संगणकाच्या द्विमान पद्धतीत पाच म्हणजे १०१ आणि तीन म्हणजे ०११. आता विणकरासारखा एक उभा, एक आडवा धागा घ्यायचा: पहिल्यातला एक अंक, दुसऱ्यातला एक. तयार होतो १००१११, म्हणजे ३९. लगतच्या ओळीतल्या, म्हणजे पाचव्या स्तंभातल्या दुसऱ्या ओळीतल्या चौकोनाला हीच रीत लावली की येतो ३८! साध्या ओळीच्या क्रमात हेच दोघे २९ आणि २१वर होते. दोन दिशांचं शेजारपण एका क्रमांकात उतरलं होतं.

ही वीण आजही चालू आहे. २००८मध्ये गुस्ताव्हो नीमायर यांनी अक्षांश-रेखांश असेच गुंफून त्यांचा अक्षरांचा छोटा संकेत केला, तो ‘जिओहॅश’. सुरुवातीची जितकी अक्षरं सारखी, तितका लहान समाईक चौकोन. मुंबई आणि पुणे दोन्ही ‘टी-ई’ने सुरू होतात, नागपूर ‘टी-जी’ने. डेटाबेसमध्ये हे संकेत क्रमाने लावलेले असतात. त्यामुळे जवळचं रुग्णालय शोधताना लाखो नोंदींचं अंतर मोजावं लागत नाही. तेवढाच पट्टा उचलायचा आणि नेमकं अंतर त्यातल्या मूठभर नोंदींचं काढायचं.

मात्र या क्रमात भेगा आहेत. आपल्या आठ बाय आठच्या नकाशात तिसऱ्या ओळीतले तिसऱ्या आणि चौथ्या स्तंभातले चौकोन भिंतीला भिंत लावून आहेत. त्यांचे क्रमांक मात्र १५ आणि ३७. अशीच एक भेग ७३.१२५ अंश रेखांशावर पनवेलजवळून जाते. तिच्या पश्चिमेला ‘टी-ई-७’, पूर्वेला ‘टी-ई-के’. रेषेच्या अलीकडे उभ्या माणसाला पलीकडचा दवाखाना दिसेनासा होतो आणि पलीकडच्याच्या गटात थेट पुणे येतं! म्हणून जाणकार आपल्या चौकोनाबरोबर भोवतालचे आठही चौकोन तपासतात. रुग्णवाहिका बोलावणाऱ्या माणसासाठी ही काळजी जीवनमरणाची असू शकते.

मॉर्टन यांचं मोठेपण इथे आहे. ‘जवळ काय आहे’ हा प्रश्न शोधण्याचा वाटतो. त्यांनी तो मांडणीचा आहे हे ओळखलं. नोंद ठेवतानाच शेजार जपला, तर शोधताना निम्मं काम आधीच झालेलं असतं. टेप कधीच मागे पडल्या, तरी हे सूत्र टिकलं, कारण संगणकाची स्मृती आजही एका ओळीतच मोजली जाते आणि पृथ्वी मात्र चहूबाजूंनी पसरलेली आहे.