गाडीचा टेंपरेचर काटा खोटं बोलतोय का? मोबाईलवरून असं तपासा

समजा तुम्ही पुण्याहून साताऱ्याला निघालात. खंबाटकी घाटाचा चढ, गाडीत पाच जण, एसी फुल्ल. आणि अचानक टेंपरेचरचा काटा लाल रेषेकडे सरकायला लागतो. मागच्या सीटवरून सल्ला येतो, "अरे, काटाच खराब असेल, चल पुढे!"

हा सल्ला कधी बरोबर निघतो, तर कधी इंजिनचा जीव घेतो. मग ओळखायचं कसं? चला, बघूया.

आधी गाडी थांबवा, तपासणी नंतर

काटा लाल झाला किंवा लाल दिवा लागला, तर तो खरं बोलतोय असंच समजा. एसी बंद करा, गाडी सुरक्षित जागी बाजूला घ्या, इंजिन बंद करा. सेन्सर खराब असेल तर खर्च थोडक्यात भागतो. पण इंजिन खरंच तापलं असेल, तर हेड गॅस्केट जाते, सिलेंडर हेड वाकतं आणि इंजिन उघडावं लागतं.

आणि हो, गरम इंजिनवर रेडिएटरचं झाकण अजिबात उघडू नका. आत दाब असतो, उकळतं कूलंट थेट अंगावर उडतं.

काटा चालतो कसा?

इंजिनमधल्या कूलंटमध्ये एक छोटा सेन्सर बुडालेला असतो. कूलंट तापलं की त्याचा विद्युत रोध कमी होतो, थंड झालं की वाढतो. त्यावरून गाडीचा कॉम्प्युटर, म्हणजे ईसीयू, तापमान ओळखतो आणि काटा हलवतो.

गरम झालेल्या इंजिनचं कूलंट साधारण ९० अंश सेल्सिअसच्या आसपास असतं. गंमत म्हणजे, बऱ्याच गाड्यांत तापमान थोडं वर-खाली झालं तरी काटा मुद्दाम मध्यावरच ठेवतात. त्यामुळे काटा मध्य सोडून वर गेला, की ती बाब गंभीर असते.

मोबाईलवर कसं बघायचं?

गेल्या दहाएक वर्षांतल्या बहुतेक गाड्यांत स्टेअरिंगखाली ओबीडी पोर्ट असतो. त्यात ओबीडी अडॅप्टर लावा, फोनशी जोडा आणि कार स्कॅनरसारख्या अ‍ॅपमध्ये कूलंट टेंपरेचर उघडा. आयफोन असेल तर अडॅप्टर आयफोनला चालतो ना, हे घेण्याआधीच बघा.

पण इथे एक मेख आहे. बऱ्याच गाड्यांत काटा आणि अ‍ॅप दोघांनाही माहिती एकाच सेन्सरकडून मिळते. सेन्सर खोटं बोलला तर अ‍ॅपसुद्धा तेच सांगणार! म्हणून ही ट्रिक वापरा: गाडी रात्रभर उभी राहू द्या. सकाळी इंजिन सुरू न करता फक्त इग्निशन ऑन करा. आता कूलंटचं तापमान बाहेरच्या हवेच्या जवळपास हवं. बाहेर २४ अंश आणि अ‍ॅपवर २५, तर सेन्सर बहुधा ठीक आहे. अ‍ॅपवर ७० दिसलं, तर गडबड आहे.

कशावरून काय समजायचं?

- अ‍ॅपवर उणे ४०: सेन्सरची वायर तुटलेली, कनेक्टर निघालेला किंवा सेन्सर गेलेला असू शकतो. अशा वेळी काही गाड्यांत रेडिएटरचा पंखा सतत फिरत राहतो.
- अ‍ॅप बरोबर, काटा चुकीचा: सेन्सर ठीक आहे. दोष मीटरमध्ये किंवा त्याच्या वायरिंगमध्ये.
- हायवेवर बराच वेळ चालवूनही तापमान ६०-७० च्या पुढे जात नाही: थर्मोस्टॅट उघडाच अडकला असण्याची शक्यता जास्त.
- काटा सारखा वर-खाली उड्या मारतो: कनेक्टर ढिला आहे किंवा कूलंट कमी होऊन आत हवा शिरली आहे.
- अ‍ॅप आणि काटा दोन्ही हळूहळू वर चढतात: इंजिन खरंच तापतंय असं धरा. कूलंट, पंखा, वॉटर पंप तपासून घ्या.

गाडी चालवताना मोबाईल शेजारच्याच्या हातात द्या, स्वतः बघू नका.

सगळ्यात फसवा प्रकार

लाल रेषेवर असलेला काटा अचानक खाली आला, की आपण सुटकेचा श्वास सोडतो. पण कूलंट गळून गेलं असेल, तर सेन्सर कोरडा पडतो. त्याला गरम कूलंट लागतच नाही, म्हणून तो कमी तापमान दाखवतो. आत मात्र इंजिन भाजत असतं! म्हणून अशा वेळी लगेच थांबा. इंजिन पूर्ण थंड झाल्यावर कूलंटच्या टाकीवरच्या किमान आणि कमाल खुणा बघा. कूलंट किमान खुणेच्या खाली असेल, तर गळती सापडेपर्यंत गाडी पुढे नेऊ नका.

गॅरेजमध्ये जाताना

अ‍ॅपवरच्या आकड्यांचे आणि एरर कोडचे स्क्रीनशॉट काढून न्या. "काटा गडबड करतोय" एवढंच सांगण्यापेक्षा "थंड इंजिनवर ७० दाखवतोय" असं सांगितलंत, तर मेकॅनिकचं काम सोपं होतं. उगाच एकेक पार्ट बदलत बसण्याचा खर्चही वाचतो.